मौनही अनुमोदनाच

सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशा परभणी जिल्ह्यातील बाजारगावांत दुकान आणि घर पुष्कळदा एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असते. दिवाणजी, शिकवणीचे मास्तर, शेजारी, दूरचे आप्त, साऱ्यांना माजघरापर्यंत वाट मोकळी असते. याच विश्वासावर व्यापार वाढला, नाती टिकली. परंतु बालकावर अत्याचार करणाराही बहुधा याच वाटेने आत येतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह १३ राज्यांत केलेली पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निम्म्या घटनांतील अपराधी बालकाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला निघाला, आणि बहुतेक बालकांनी घडलेले कोणालाही सांगितले नव्हते.

म्हणून एखादे लेकरू अडखळत काही सांगू लागते, तेव्हा त्या क्षणाचे मोल फार मोठे असते. 'आधी का नाही सांगितलेस?', 'तू तिथे गेलीसच कशाला?' हे प्रश्न त्याच्या मनावर दुसरा घाव घालतात. 'तू सांगितलेस हे चांगले केलेस. यात तुझी काही चूक नाही. आम्ही तुझ्यासोबत आहोत', एवढी तीन वाक्ये प्रथम पुरेशी होतात. पुन्हा पुन्हा तपशील विचारू नये. आजीसमोर, काकांसमोर, आत्यासमोर तीच कथा वदवून घेऊ नये. 'कोणालाही सांगणार नाही' असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलगा असेल तर 'पोरांना काय होते' म्हणून विषय झटकला जातो. कायदा मात्र मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही.

घटना नुकतीच घडली असेल, तर बालकाला स्नान घालण्यापूर्वी रुग्णालयात न्यावे आणि अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. संसर्ग टाळणारी काही औषधे ७२ तासांच्या आतच उपयोगी पडतात. तक्रार नोंदलेली नसली तरी रुग्णालयाला तपासणी व उपचार नाकारता येत नाहीत, आणि हे उपचार विनामूल्य असतात. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने बालकासाठी पुष्कळ दारे उघडली आहेत. ती ठाऊक नसल्यामुळे कुटुंबे भितात. जबाब घेण्यासाठी पोलिसांनी बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी यावे, गणवेशात येऊ नये, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने जबाब घ्यावा आणि त्या वेळी आई-वडील किंवा बालकाच्या विश्वासातील व्यक्ती जवळ असावी, असा नियम आहे. न्यायालयाचे कामकाज बंद दालनात चालते, आरोपी बालकाच्या नजरेसमोर येऊ दिला जात नाही, वृत्तपत्रांना नाव किंवा ओळख छापता येत नाही. आपल्या गावच्या ठाण्याची पायरी चढणे जड वाटले, तर जिंतूरच्या कुटुंबाला परभणीच्या ठाण्यातही गुन्हा नोंदविता येतो. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. बाल कल्याण समिती खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमून देऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मागता येते.

नियम कागदावर असले तरी ते आपोआप चालत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील बालवर्गातील दोन मुलींच्या कुटुंबांना गुन्हा नोंदविण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि घटना न कळविणारी शाळा व दिरंगाई करणारे पोलीस या दोघांनाही खडसावले. अशा वेळी ठाण्याच्या बाकावर कुटुंबासोबत समाजातील दोन जाणती माणसे बसलेली असतील, तर तो काळ निराळा होतो.

परंतु समाज सोबत बसण्याऐवजी पुष्कळदा समजूत घालायला येतो. 'मुलीच्या सोयरिकीचा विचार करा', 'पेढीची पत जाईल', 'संवत्सरी जवळ आली आहे, क्षमा करा'. येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. क्षमापना मागणाऱ्याने आपला दोष निर्भयपणे उघड करावयाचा असतो. आलोचनेशिवाय प्रायश्चित्त नाही. लपविलेल्या अपराधाची क्षमा ही क्षमा नव्हे. शिवाय ती बालकाच्या वतीने पंचांनी देऊन टाकण्याची वस्तूही नव्हे. हा गुन्हा आपसात मिटविता येत नाही. तो ठाऊक असून न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. पाठशाळा आणि वसतिगृहे चालविणाऱ्या विश्वस्तांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपल्या परंपरेने पापाचे तीन मार्ग सांगितले आहेत: करणे, करविणे आणि अनुमोदणे. तपाची अनुमोदना केल्याने पुण्यात वाटा मिळतो असे मानणाऱ्या समाजाला, पापाकडे पाहून गप्प राहिल्याने कशात वाटा मिळतो, हे वेगळे सांगावयास नको. मौन राखणाऱ्या घरातून अपराधी सुखरूप बाहेर पडतो आणि दुसऱ्या घराचे दार ठोठावतो.

पुढचे काम सावकाशीचे आहे. रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, पोटदुखीची तक्रार, अकारण चिडणे, एखाद्या खोलीत जाण्यास नकार, ही जखमेचीच बोली असते. शिक्षा न करता ती ऐकावी आणि मनोविकारतज्ज्ञाची मदत संकोच न बाळगता घ्यावी. शाळा, खेळ, पाठशाळा, सणवार यांचा क्रम शक्यतो मोडू नये. अत्याचारी घरातलाच असेल, तर घर त्याने सोडावे. लेकराला मामाच्या गावी धाडले, तर शिक्षा आपल्यालाच झाली असे त्याला वाटते. आईलाही बोल लावू नये. 'तुझे लक्ष कुठे होते?' हा प्रश्न तिने स्वतःला शंभरदा विचारलेला असतो. वडिलांचा संताप आणि भावंडांचा गोंधळ यांनाही कोणीतरी ऐकणारे हवे.

अब्रू गेली ती अत्याचार करणाऱ्याची. घराने हे मनापासून मानले, तर ते लेकराला शब्दांवाचून कळते. मग एखाद्या संध्याकाळी ते पूर्वीसारखे दुकानाच्या पायरीवर येऊन बसते आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलते. त्या दिवशी घरात कोणी काही बोलून दाखवू नये; फक्त त्याच्या शेजारी बसावे.