बंगळूरचा लांबणीवर टाकलेला मताधिकार

10 सप्टेंबर 2020 रोजी बंगळूर महानगरपालिकेच्या 198 नगरसेवकांची मुदत संपली आणि या महानगराचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. साथीचे दिवस होते. काही महिन्यांचा विलंब जनतेने समजून घेतला असता. परंतु 2025 साल सरले तरी या शहरातील कष्टकऱ्याने आपल्या प्रभागासाठी मत दिलेले नव्हते. 2015 च्या ऑगस्टमध्ये ज्याने अठराव्या वर्षी पहिले मत टाकले, तो दहा वर्षांनंतरही दुसऱ्या पालिका मतदानाची वाट पाहत होता. आणीबाणीची घोषणा नाही, मताधिकार रद्द करणारा वटहुकूम नाही. हक्क कागदावर शाबूत होता, तो वापरण्याचा दिवस तेवढा उगवत नव्हता.

हे कसे साधले गेले, ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. 4 डिसेंबर 2020 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने सहा आठवड्यांत निवडणूक जाहीर करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळवून आले. पुढे प्रभागांचे आकडे बदलत राहिले. 198 चे 243 झाले, 243 चे 225 झाले, प्रत्येक वेळी नवी सीमारेषा, नवे आरक्षण, नव्या हरकती, नवे दावे. अखेरीस सप्टेंबर 2025 मध्ये महानगरपालिकाच बरखास्त होऊन तिच्या जागी पाच पालिका आल्या व वर एक प्राधिकरण बसविण्यात आले. प्रभागांची संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली. या अवधीत राज्यात भाजपचे सरकार जाऊन काँग्रेसचे आले. विरोधात असताना निवडणुकीची मागणी करणारे सत्तेवर येताच प्रभागरचनेच्या शास्त्रात रमले, आणि सत्ता गमावलेल्यांना लोकशाहीची आठवण झाली. नोव्हेंबर 2006 ते मार्च 2010 या काळातही बंगळूर असेच लोकप्रतिनिधींवाचून ठेवण्यात आले होते, हे विसरता कामा नये.

घटनेचा आदेश याबाबत संदिग्ध नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने, 1993 च्या 1 जूनपासून, पालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे बंधन घातले. प्रभागरचना चालू आहे ही सबब निवडणूक लांबविण्यास पुरेशी नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणी 2006 मध्येच दिला आहे. तरीही सबब तीच राहिली आणि चालूनही गेली.

यात कोणाचा लाभ आहे? बंगळूरमध्ये विधानसभेचे 28 मतदारसंघ आहेत. नगरसेवक नसले की रस्ता, गटार, तलाव, कचरा यांवरील खर्चाचा निर्णय मंत्री, आमदार आणि सनदी अधिकारी यांच्यात होतो. ज्या शहरात जमिनीचा भाव हाच राजकारणाचा कणा बनला आहे, तेथे बांधकाम व्यावसायिकाला व कंत्राटदाराला चारशे दारे ठोठावण्यापेक्षा चार दारे ठोठावणे सोयीचे असते. नगरसेवक सारे धुतल्या तांदळासारखे होते असा आमचा दावा नाही. त्यांच्यातील कित्येक तर स्वतःच कंत्राटदारांचे भागीदार होते. तथापि वस्तीत पाणी आले नाही तर रिकामी घागर घेऊन ज्याच्या दारात उभे राहता येते, तो मनुष्य आणि सचिवालयातून नेमलेला प्रशासक यांत जो फरक आहे, तो झोपडपट्टीतील बाईला समजावून सांगावा लागत नाही.

म्हैसूर संस्थानाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. 1881 मध्ये दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. हिंदी संस्थानांतील हा पहिला प्रयोग म्हणून त्याचे कौतुक आजही होते, आणि ते अगदीच अस्थानी नाही. परंतु दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला जमणाऱ्या त्या पहिल्या सभेतील 144 गृहस्थ कोण होते? जमीनदार आणि व्यापारी, तेही जिल्हाधिकाऱ्यांनी निवडलेले. निवडणुकीचे तत्त्व दहा वर्षांनी, 1891 मध्ये आले आणि तेही मालमत्तेच्या अटीसह. 1923 च्या सुधारणांनी सभेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, मालमत्तेची अट सैल झाली, स्त्रीत्व ही अपात्रता राहिली नाही. मात्र ज्या स्त्रीच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिला या सुधारणेने काय दिले? आणि निवडून आलेल्यांनी कितीही प्रश्न विचारले तरी दिवाण त्यांना जबाबदार नव्हताच.

याच संस्थानात, 1930 मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीतील कामगारांनी बोटांचे ठसे देण्यास नकार देऊन संप केला होता. ज्या मजुराला मत नव्हते, त्याचे बोट मात्र मालकाला हवे होते. 1938 च्या एप्रिलमध्ये शिवपुरचा ध्वजसत्याग्रह झाला आणि त्याच महिन्यात विदुराश्वत्थ येथे जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही म्हैसूरच्या प्रजेला जबाबदार सरकारसाठी सप्टेंबर 1947 मध्ये ‘म्हैसूर चलो’चा लढा द्यावा लागला, तेव्हा कोठे ऑक्टोबरच्या अखेरीस के. सी. रेड्डींचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. राजाच्या उदार मनातून मताधिकार उतरला, अशी जी कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते तिच्यात विदुराश्वत्थची जागा नसते.

मिळालेला हक्क हातात राहतोच असे नाही, याचे जगातील ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे, आणि मराठी वाचकाला त्या इतिहासाशी जोडणारा एक जुना धागाही आहे. जोतिराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्याच्या तीनच वर्षे आधी, 1870 मध्ये, तेथील घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारण्यास बंदी घातली होती. फुल्यांची आशा वावगी नव्हती. दक्षिणेत काळे लोक त्या वेळी मत देत होते, निवडून येत होते. परंतु 1877 मध्ये तेथून केंद्राची फौज निघाली, आणि मळेमालकांनी घटनेच्या शब्दाला हात न लावता तिचा प्राण काढून घेतला. मतासाठी कर, मतासाठी वाचनपरीक्षा, आणि ज्यांचे वाडवडील 1867 पूर्वी मतदार होते अशा गोऱ्यांना या अटींतून सूट. लुइझियाना राज्यात 1896 मध्ये 1 लाख 30 हजारांवर काळे मतदार नोंदलेले होते; 1904 मध्ये उरले 1,342. घटना तीच होती.

ही लूट परत मिळवायला साठ वर्षांवर काळ लागला. 1965 च्या मार्चमध्ये सेल्मा गावच्या पुलावर घोडेस्वार पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीमध्ये 1964 साली शंभरांतून सात काळ्यांचीही नावे यादीत नव्हती. तीन वर्षांत हे प्रमाण साठाच्या घरात गेले. आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचे मर्मच निकामी केले. ज्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागे, त्यांची त्यातून सुटका झाली. कित्येक राज्ये त्यानंतर लगोलग ओळखपत्रांचे नवे नियम घेऊन पुढे आली.

आपल्याकडे 1950 मध्ये एका फटक्यात प्रौढ मताधिकार आला, ना साक्षरतेची अट, ना मालमत्तेची. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत मतदारांची संख्या 17 कोटींवर होती. पण त्याही वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण नोंदणी करणाऱ्यापुढे त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. मत देणारी घटना आणि यादी लिहिणारा कारकून यांच्यामध्ये समाज उभा असतो.

आजच्या बंगळूरमध्ये तो कोणत्या रूपाने उभा आहे? 2016 च्या एप्रिलमध्ये भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा 58 व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध कपडे कारखान्यांतील हजारो स्त्रिया होसूर रस्त्यावर व पिण्याच्या औद्योगिक वसाहतीत उतरल्या. कोणत्याही मोठ्या संघटनेची हाक नव्हती. दोन दिवसांत केंद्र सरकारला नियम मागे घ्यावा लागला. 2022 च्या जुलैमध्ये शहराच्या सफाई कामगारांनी कायम नोकरीसाठी काम बंद केले आणि 2025 च्या मेदिनी बारा हजारांहून अधिक जणांना नेमणूकपत्रे मिळाली. पालिकेचे सभागृह रिकामे होते त्या वर्षांत या वर्गाने आपले म्हणणे मांडले ते रस्त्यावर.

दरम्यान मतदारयादीवरही हात पडला. नोव्हेंबर 2022 मध्ये उघड झाले की मतदारजागृतीच्या नावाखाली एका खाजगी संस्थेची माणसे सरकारी कर्मचारी असल्याचे भासवून घरोघर मतदारांची माहिती गोळा करीत होती. शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुर या तीन मतदारसंघांतील यादीची फेरतपासणी करण्याचा आदेश निवडणूक आयोगाला द्यावा लागला. दोन सनदी अधिकारी निलंबित झाले.

महाराष्ट्रातील सभासदांनी हे परक्या राज्याचे गाऱ्हाणे समजू नये. मुंबई व पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचना यांत ती शहरे प्रशासकांच्या हाती राहिली. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे फर्मावले, त्यानंतरही ते वर्ष मतदानाविनाच उलटले. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे. त्याच्यासाठी लागणारी माहिती वेळेत गोळा न करण्याचा दोष मात्र मागासवर्गीयांचा नव्हे, सरकारांचा आहे.

पुढच्या प्रत्येक यादीदुरुस्तीच्या वेळी आपल्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. यादीत नाव घालण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. कारखान्याच्या दारात, भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत, बांधकामावरील पत्र्याच्या वस्तीत त्या आधी यादी घेऊन बसले पाहिजे. घरमालक भाडेकरार करून देत नाही म्हणून नाव नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. बेघरांच्या बाबतीत तर आयोगाचा नियम असा आहे की निवासाचा कागद मागायचा नाही. मतदानकेंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो मनुष्य खरोखर तेथेच झोपतो की नाही ते पाहायचे, आणि एकदा नव्हे, एकाहून अधिक रात्री. पुलाखाली झोपणाऱ्या हमालापर्यंत ही फेरी पोचते का, हे पाहायला त्या रात्री आपल्यापैकी कोणीतरी तेथे हजर असावे.