चेटकिणीला चेहरा कोणाचा?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या ऊर्जानगरात घरोघरी टीव्हीच्या पडद्यावर पऱ्या आणि चेटकिणी उतरतात. परी गोरी, तरुण, पंखांची. चेटकीण म्हातारी, वाकलेली, एकटी, मडक्यात झाडपाला उकळणारी. १९३७ साली डिस्नेच्या हिमगौरीत दुष्ट राणीने म्हातारीचे रूप घेतले. तो साचा अजून झिजलेला नाही.

पोरांची करमणूक ती, तिच्यावर एवढे काय रागवायचे, असे वाचक म्हणतील. मीही तसेच म्हणत असे. एकदा वर्गात सहज चेटकिणीचे चित्र काढायला सांगितले. वहीमागून वही पाहिली. सगळीकडे तीच डोकरी. एकाने तिच्या हाती टोपले दिले होते. "हे कशाला रे?" तो म्हणाला, "सर, ते चारोळी विकाले येते नं, ते आहे. एकटीच राहते." वर्ग हसला. मला हसू आले नाही.

कारण हा जिल्हा चंद्रपूर आहे. याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर गावात बांधून मारले. शेजारच्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे, मे २०२४ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जाळून ठार केले. त्या गावांनी हे काही चित्रमालिका पाहून केले नाही. हा समज फार जुना. पण तोच समज रंगीत होऊन आपल्या दिवाणखान्यात येतो, आणि आपण चकली खात तो पाहतो!

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. कायदा हात धरील. मुलाच्या मनातले चित्र कोण पुसणार?

मालिका बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. मियाझाकींच्या १९८९ च्या चित्रपटातील किकी ही चेटकीण तेरा वर्षांची पोर आहे. झाडूवर बसून ती लोकांची पार्सले पोचवते. आपल्या रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकिणीला तर मुले पोट धरून हसतात. कल्पनेला माझी ना नाही. माझे भांडण आहे ते आपल्याशी, शिकलेल्या आईबापांशी. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहून आपणच म्हणतो, "जेव, नाहीतर चेटकीण नेईल!" इथे झुडपात बिबट्या असतो, वाघ असतो, त्याची भीती अवश्य शिकवावी. जी नाहीच, तिची कशाला?

तेव्हा यंदा मुलाशेजारी बसून ती मालिका पाहा आणि स्पष्ट सांगा : चेटकीण नसते. मग फराळाचे एक ताट त्याच्याच हाती देऊन त्या चारोळीवाल्या आजीकडे पाठवा. ती असते.