सट्टेबाजांचा मान्सून

दरवर्षी एप्रिलात हवामान खाते पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते आणि ज्यांनी जन्मात चिखलात पाय घातला नाही अशा मंडळींना शेतीची चिंता वाटू लागते. पाऊस समाधानकारक, म्हणजे खताचा खप वाढणार, म्हणजे खतकंपन्यांचे शेअर घ्या, असा हा हिशेब. आपल्या थळचा कारखाना चालविणाऱ्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीच्या शेअरलाही असाच ‘हंगाम’ चिकटविण्यात आला आहे. जूनमध्ये भाव चढेल म्हणून मेमध्ये घ्यावे. मेमध्ये सारेच घेणार म्हणून एप्रिलमध्ये. समजूत पुरेशी पसरली की ती काही दिवस खरीही ठरते. सर्वांत शेवटी घेणारा छोटा गुंतवणूकदार तेवढा गाळात रुततो.

वस्तुस्थिती काय आहे? थळचा कारखाना गॅसवर बारमाही चालतो. त्याच्या युरियाची किंमत पाऊस ठरवीत नाही, सरकार ठरविते. मराठे समितीच्या शिफारशीवरून १९७७ साली जी व्यवस्था आली तिचे तपशील पुढे बदलले, तत्त्व टिकले: शेतकऱ्याने ठरीव किंमत द्यावी, उत्पादनखर्चाची तफावत सरकारने अनुदानाने भरून काढावी. २०१८ पासून तर दुकानातील यंत्रावर खरेदीची नोंद झाल्यावरच हे अनुदान कंपनीला देय होते. तेव्हा कंपनीचे ऋतुमान पाहायचे ते आभाळात नव्हे, दिल्लीच्या तिजोरीत. तरतूद अपुरी पडली की थकबाकी साचते, कंपनी कर्ज काढते, व्याज भरते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राला खत अनुदानासाठी ६५,००० कोटी रुपयांची जादा तरतूद करावी लागली, ती काही पाऊस चुकल्यामुळे नव्हे.

आणि सरकारचा स्वतःचा हंगाम? १९७८ साली सार्वजनिक क्षेत्रात स्थापन झालेल्या या कंपनीचे शेअर सरकारने मार्च २०१३ मध्ये, आर्थिक वर्ष सरताना, विकले. पुन्हा जून २०१७ मध्ये, ऐन पेरणीत, विकले. सरकारचा वाटा ७५ टक्क्यांवर आला. ‘जनतेचा’ हिस्सा किमान २५ टक्के हवा, असा नियम सांगण्यात आला. म्हणजे सरकारकडे होते तोवर ते जनतेचे नव्हते. सट्टेबाजाच्या हाती गेले आणि जनतेचे झाले! चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून ज्याच्याशी झुंज दिली तो खोतही पीक खळ्यावर आले की नेमका हजर होत असे. या तालुक्याला ही जात ओळखीची आहे.

ज्यांच्या जमिनींवर थळचा कारखाना उभा राहिला त्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कारखान्यात स्फोट होऊन तिघे मृत्युमुखी पडले. भावाच्या आलेखात या गोष्टींना रकाना नाही. यापुढे एक जरी शेअर विकावयाचा झाला तरी आधी थळच्या ग्रामस्थांसमोर आणि कामगारांसमोर त्याचा हिशेब मांडावा, ही मागणी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभांतून लावून धरावी.