'ग्रामीण' म्हणजे नक्की कुठलं गाव?

आपल्या होस्टेलमध्ये नवोदयवाला लगेच ओळखू येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा फ्लोअर जागा असतो तेव्हा हा दहाला आडवा, आणि पहाटे साडेपाचला कोणी न उठवता उठून बसलेला! मेसच्या भाजीबद्दल तक्रार नाही, बादलीभर पाण्यात अंघोळ आणि कपडे दोन्ही. काहींचं हिंदी तर असं की रूमवर आलेल्या पाहुण्याला वाटावं पोरगं युपीचं आहे. नववीला तिथली साधारण तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, त्याचा हा परिणाम.

या मंडळींबद्दल मला आदरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून काही जण रूमवर भांडायला येतील. मेसमध्ये प्रवेशांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "खरं मेरिट बघायचं तर नवोदय. डोनेशन नाही, वशिला नाही, एक परीक्षा, बस!" डोनेशन नाही हे शंभर टक्के खरं. 'एक परीक्षा, बस' याबद्दल मात्र मला बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयं आली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोनच शाळा काढल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात साडेसहाशेहून जास्त आहेत. आपल्या पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात, शिक्रापूरजवळच्या पिंपळे जगतापला. सहावी ते बारावी, राहणं-खाणं, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. नववीपासून काही मुलांना महिना सहाशे रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. यातून पुढे काय होऊ शकतं ते बघायचं तर खेड तालुक्यात दक्षणा फाउंडेशनचा कॅम्पस आहे, तिथे निवडक नवोदयच्या मुलांकडून आयआयटी आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची तयारी फुकट करून घेतात. म्हणजे पाचवीतल्या पोराला ज्या दारातून आत घ्यायचं, ते दार कुठवर उघडतं बघा.

आता ते दार. पाचवीत असताना परीक्षा. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. मराठीतून देता येते. जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांना. एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जातींना किमान १५ टक्के, जमातींना किमान साडेसात टक्के, आणि अलीकडे ओबीसींना २७ टक्के. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही परीक्षा आयुष्यात एकदाच. आपण इथे जेईई मेन वर्षातून दोनदा देतो, जमली नाही तर रिपीट मारतो. दहा वर्षांच्या पोराला मात्र त्या दिवशी ताप आला तर विषय संपला. (ज्याने कोणी हा नियम केला त्याला घरी लहान भाऊ नसावा.)

ग्रामीण कुणाला म्हणायचं याचा नियम वरवर कडक आहे. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. एक दिवस जरी शहरी शाळेत काढला असेल तरी पोरगं शहरी धरतात. वाचायला किती छान वाटतं! पण हा नियम आमच्या जुन्नर आणि आंबेगावात आणून बघा.

जुन्नर शहरात नगरपरिषद आहे, म्हणून तिथलं मूल शहरी. नारायणगावची बाजारपेठ जुन्नरपेक्षा मोठी, हायवे जवळ, टोमॅटोच्या सीझनला गावात गाडी घालायला जागा नसते, इंग्लिश मीडियमच्या शाळा, क्लासेसच्या पाट्या... पण नारायणगावला ग्रामपंचायत आहे, म्हणून तिथलं मूल ग्रामीण. आणि घाटघर, अंजनावळे, हातवीज, किंवा आंबेगावात डिंभे धरणाच्या पलीकडचं आहुपे, तिरपाड इथलं मूलही ग्रामीण. तेवढंच ग्रामीण. एकाच रांगेत, एकाच ६० जागांसाठी.

माझं गाव पूर्वेकडचं, कुकडीच्या पाटाच्या पाण्यावरचं. ऊस, द्राक्षं, बऱ्यापैकी घरं. मी स्वतः पाचवीत 'नवोदय-स्कॉलरशिप'च्या क्लासला जायचो. सकाळी सहाला क्लास, मग शाळा, रविवारी टेस्ट सिरीज. माझा नंबर लागला नाही तो भाग वेगळा, पण मला तयारी काय असते ते माहीत आहे. मानसिक क्षमतेच्या प्रश्नांमागचा विचार असा की त्यात भाषा नाही, पुस्तकी ज्ञान नाही, नुसती चित्रं, त्यामुळे शिकलेल्या घरातला आणि न शिकलेल्या घरातला मुलगा सारखाच. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसा दिसेल. सुरुवातीला असेलही तसं. पण आम्ही तो कागद शंभर वेळा उलगडला होता! सरांनी प्रत्येक प्रकाराची ट्रिक दिली होती. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. ज्याने तो प्रकार आधी पाहिलाय तो वीस सेकंदात सोडवतो, आणि ज्याने पहिल्यांदा पाहिलाय तो हुशार असला तरी आधी प्रश्न काय आहे ते समजून घेत बसतो. ओएमआरचे गोळेसुद्धा आम्ही सराव करकरून रंगवले होते. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मोजायचं होतं एक आणि आपलं मीटर दाखवतंय दुसरंच.

आता पश्चिम पट्टा. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, आणि उरलेल्या दिवसांत मजुरीला आमच्याच पूर्वेकडच्या बागांमध्ये यायचं. शाळा बहुतेक दोन शिक्षकी, दोघांत पाच वर्ग. अलीकडच्या वर्षांत नवोदयचे फॉर्म निघतात ते ऐन पावसाळ्यात, म्हणजे भाताच्या लावणीच्या दिवसांत. फॉर्म ऑनलाइन. त्याला फोटो, पालकाची सही, मुलाची सही, मुख्याध्यापकाचा दाखला, आणि हे सगळं अपलोड करायला रेंज. रेंजसाठी खाली घोडेगावला नाहीतर जुन्नरला यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची. परीक्षेच्या दिवशी सकाळची मुक्कामी एसटी चुकली की झालं. आणि नंबर लागलाच तर जातीच्या दाखल्यासाठी प्रांत कचेरी मंचरला.

"मग त्यांना एसटीचं आरक्षण आहे की," असं कोणीतरी म्हणणारच. आहे. ८० च्या साडेसात टक्के म्हणजे ६ जागा. सगळ्या जिल्ह्यात मिळून! जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी सगळे आले त्यात, आणि ज्यांचे आईवडील नोकरीत आहेत, जे मोठ्या गावात राहून क्लास लावू शकतात, तेही त्यातच. त्या सहांतल्या किती डिंभ्याच्या पलीकडे जात असतील, तुम्हीच विचार करा.

यात नवोदयच्या शिक्षकांचा काही दोष नाही, त्यांच्याकडे यादी तयार होऊन येते. क्लास चालवणाऱ्यांनाही मी शिव्या देणार नाही, माझे सर त्यातलेच होते आणि फी उसाच्या बिलानंतर घ्यायचे. जिल्हा परिषदेचे कितीतरी गुरुजी तर फुकट जादा तास घेतात. पण गुरुजींची बदली झाली की तिथे तेही बंद. पोरांचं नशीब बदलीच्या यादीवर, असली ही पद्धत.

मला विचाराल तर परीक्षा ठेवा, पण रांगा वेगळ्या करा. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रं आधीच आहेत, प्रत्येक केंद्रात आसपासच्या शाळा जोडलेल्या असतात. ६० ग्रामीण जागांतल्या निदान निम्म्या अशा शाळांना द्या जिथे दोनच शिक्षक आहेत किंवा ज्या आदिवासी क्षेत्रात आहेत, आणि तिथल्या मुलाची तुलना तिथल्याच मुलांशी करा. हे काही आकाशातून पडलेलं डोकं नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश द्यायला सुरुवात केली. शाळा श्रीमंत वस्तीतली असो की गरीब, तिथला पहिला तो पहिला. आपल्याकडेही कॅप राउंडला होम युनिव्हर्सिटीच्या जागा वेगळ्या धरतच होते, तेव्हा कोणी मेरिट बुडालं म्हणून ओरडलं नाही.

यावर माझ्या नवोदयवाल्या रूम पार्टनरचं म्हणणं, "कमी मार्कांवर घेतलेलं पोरगं आत टिकणार नाही." त्याला मी म्हटलं, तिथे सात वर्षं असतात रे! सुरुवातीची दोन वर्षं शिकवणं मराठीतूनच असतं, गणित-विज्ञान इंग्रजीतून नंतर येतं. सात वर्षं एका छताखाली चांगले शिक्षक, पोटभर जेवण आणि लायब्ररी देऊनही ज्याला वर आणता येत नाही अशा पोराला आपण पाचवीतल्या दोन तासांवरून ओळखतो, असा दावा आहे का आपला? तो म्हणाला विचार करतो. अजून करतोय.

नियम बदलणं आपल्या हातात नाही, दिल्लीचं काम आहे ते. पण दरवर्षी आपलं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं. दरवर्षी कुठल्यातरी गावात चर खणून आणि पथनाट्य करून येतो आपण. यंदा ते शिबिर आंबेगावच्या पश्चिमेला न्यावं आणि शेवटचे तीन दिवस चौथी-पाचवीच्या पोरांसोबत जुने पेपर आणि ओएमआर घेऊन बसावं, अशी विनंती मी प्रोग्राम ऑफिसर सरांना लेखी दिली आहे. पेपरच्या झेरॉक्सचा खर्च मेसच्या एका फीस्टपेक्षा कमी येतो, मी हिशेब केलाय. फॉर्म भरायच्या दिवसांत दोघं-तिघं लॅपटॉप आणि डोंगल घेऊन वर गेले तर तेही जमेल. नावं द्यायची असतील त्यांनी सी विंगच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय, त्यावर द्या. नवोदयवाल्यांची नावं आधी हवीत, कारण आरशातली प्रतिमा तुमच्याइतकी कोणाला येत नाही.