टेरेस हाऊस म्हणजे गच्चीचे घर नव्हे : व्हिक्टोरियन वारशातून वगळलेली चाळ

१/१२
मराठीत ‘टेरेस’ म्हणजे गच्ची. त्यामुळे ‘व्हिक्टोरियन टेरेस हाऊस’ हे शब्द ऐकताच गच्चीचा एखादा बंगला डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः ते ओळीचे घर होय. रस्त्यालगत एका रांगेत, एकाच उंचीची, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेली घरे. वणी-यवतमाळकडे बिल्डर ज्याला ‘रो हाऊस’ म्हणून विकतो, त्याचा हा पूर्वज.

२/१२
या घराण्याची एक शाखा महाराष्ट्रातही रुजली. तिचे नाव चाळ. मात्र ‘व्हिक्टोरियन मुंबई’ म्हटले की स्थानक, विद्यापीठ, न्यायालय आणि घड्याळाचे मनोरे दाखवले जातात. चाळ दाखवली जात नाही. ही विस्मृती नव्हे, निवड आहे. आणि ती निवड चुकीची आहे.

३/१२
प्रथम मूळ पाहू. १६६६ च्या आगीत लंडनची लाकडी घरे भस्मसात झाली. १६६७ च्या कायद्याने तेथे विटांचे वा दगडाचे बांधकाम सक्तीचे केले. १७७४ च्या कायद्याने घरांच्या प्रती ठरवून प्रत्येक प्रतीच्या भिंतींची जाडी नेमून दिली. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली जास्त, हा आराखडा सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. रस्त्यालगतची जमीन महाग आणि दोन घरांत मिळून एक भिंत स्वस्त, हा त्यामागचा हिशेब.

४/१२
१८५० मध्ये विटांवरील कर गेला, १८५१ मध्ये खिडक्यांवरील. कारखान्यांच्या शहरांत दोन खोल्या खाली, दोन वर, अशा घरांच्या रांगा वाढल्या. त्याहून गरिबांसाठी पाठीला पाठ लावलेली घरे होती. त्यांना मागचे दार नाही, मागची खिडकी नाही. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि १८७७ चे नमुना उपविधी आल्यावर नव्या गाडीरस्त्याला ३६ फूट रुंदी, घरामागे मोकळी जागा आणि खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश खिडकी, असे दंडक आले.

५/१२
या रांगांशी मारेगावचा काय संबंध? कापसाचा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. पुढे आजचा यवतमाळ जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. मारेगावचा परिसर त्याच वणी भागातला, काळ्या मातीचा. अमेरिकेतील यादवीने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा इंग्रजी भांडवलाची नजर याच मातीवर स्थिरावली.

६/१२
१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. ते नाव अमरावतीचे. म्हणजे लँकेशायरमधील ओळीच्या घरातला कामगार आणि वऱ्हाडातला कुणबी एकाच धाग्याची दोन टोके होते. तिसरे टोक होते मुंबईत. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि गिरणगावाला राहण्यासाठी जागा लागली.

७/१२
उत्तर मिळाले चाळीच्या रूपाने. एका ओळीत साधारण दहा बाय बाराच्या खोल्या, मधल्या भिंती सामाईक, पुढे सलग गॅलरी, सागवानी खांब, लाकडी कठडा, कौलारू छप्पर, खोलीत एक मोरी आणि टोकाला सर्वांची शौचालये. जमीनमालकाचा हिशेब तोच : कमीत कमी भिंतींत जास्तीत जास्त भाडेकरू.

८/१२
आक्षेप येतो की चाळ देशी, टेरेस विलायती; तुलना कशाची? भेद आहेच. इंग्रजी ओळ उभी कापलेली असते; प्रत्येक घराला स्वतःचे दार आणि स्वतःचा जिना. चाळ आडवी कापलेली. जिना एकच आणि गॅलरी म्हणजे मजल्यावर चढवलेला रस्ता. पण काळ तोच, प्रश्न तोच. व्हिक्टोरियन असणे ही टोकदार कमानींची मक्तेदारी नव्हे.

९/१२
खरा भेद कायद्याचा होता. मायदेशात खिडकीचे माप ठरवणाऱ्या राजवटीने मुंबईच्या कामगाराला उजेड आणि वारा नाकारला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उफाळला, तेव्हा कुठे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. म्हणूनच चाळ हा वसाहतवादाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज ठरतो. स्थानकाचा घुमट साम्राज्याची ऐट सांगतो. मोरी त्याची नियत सांगते.

१०/१२
दुसरा आक्षेप : गलिच्छ वस्तीचे जतन कशाला? ब्रिटनमध्येही हेच म्हटले गेले. पाठीला पाठ लावलेली नवी घरे बांधण्यास १९०९ मध्ये बंदी आली आणि जुन्या रांगा पुढे सर्रास पाडल्या गेल्या. तरीही बर्मिंगहॅममधील तशा घरांचा एक चौक नॅशनल ट्रस्टने वाचवला. २००४ पासून तो लोकांना पाहता येतो. लिव्हरपूलमधील ग्रॅनबी भागातील ओसाड रांगा रहिवाशांच्या चिकाटीने पुन्हा वसल्या आणि त्या कामाला २०१५ चा टर्नर पुरस्कार मिळाला.

११/१२
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : माणसांनी १६० चौरस फुटांत राहावे काय? मुळीच नाही. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींतील रहिवाशांना मोठी घरे मिळणे हा त्यांचा हक्क आहे. चाळीतल्या ‘आपुलकी’चे गोडवे बहुधा चाळ सोडून गेलेलेच गातात, पहाटे शौचालयाच्या रांगेत उभे राहणारा गात नाही. जतन म्हणजे माणसांना जुन्या खोलीत डांबणे नव्हे. पण रहिवासी नव्या घरात जाणे आणि जुन्याची खूणही न उरणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

१२/१२
२००४ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस जागतिक वारसा ठरले. २०१८ मध्ये फोर्ट परिसरातील गॉथिक व आर्ट डेको इमारती. योग्यच झाले. आता मागणी एवढीच : पाडण्याआधी प्रत्येक चाळीचे मोजमाप घेऊन आराखडे काढावेत, भाडेपावत्या आणि छायाचित्रे जपावीत, आणि १८९३ चा सार्वजनिक गणेशोत्सव पाहिलेल्या गिरगावात एकतरी जुनी चाळ मोरीसकट, सामाईक शौचालयासकट, रंगरंगोटी न करता राखावी. मारेगावचा कापूस ज्या लोहमार्गाने गेला त्याच्या स्थानकाला वारसा म्हणायचे आणि तो कातणाऱ्याच्या खोलीला अडगळ, हा इतिहास अर्धाच आहे.