वार खाली, पण गुंड डोक्यावर

गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘लो लाइंग प्लासेंटा’ असे लिहिलेले असले की सोबत एक तोंडी सूचना मिळते : आराम करा, वजन उचलू नका, व्यायाम बंद. खापरखेड्यातली एखादी गर्भवती हा कागद घेऊन घरी येते आणि पाण्याचा गुंड उचलते. गुंड उचलणे हा ‘व्यायाम’ आहे, असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, भांड्याचे वेगळे.

वार, म्हणजे प्लासेंटा, सहसा गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटते. ती खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावरच असेल तर दिवस भरत येतात तसा तो भाग ताणला जातो, वार किंचित सुटते आणि रक्तस्राव होतो. श्रमामुळेच तो होतो, असा भक्कम पुरावा नाही. मात्र एकदा सुरू झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते, म्हणून सावधगिरी. निरोगी गर्भवतीने आठवड्याला १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वारेने तोंड झाकलेले असेल, तर अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २६ आठवड्यांनंतर, तर कॅनडातील तज्ज्ञ २८ आठवड्यांनंतर व्यायाम टाळायला सांगतात.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली दिसलेली वार बहुतेक जणींत गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा सोनोग्राफी करायची ती यासाठीच. ती राहून गेली, तर एखादी बाई गरज नसताना चार महिने खाटेवर काढते, आणि दुसरी धोका कायम असताना कामाला लागते. खाटेवर पडून राहण्याने वार वर जात नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू दुबळे होतात. रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर घरातल्या घरात चालणे, बसून भाजी निवडणे यात काही बिघडत नाही. बसून पोछा मारला की बाळंतपण सोपे जाते, हा सासरचा सल्ला मात्र इथे कामाचा नाही. शरीरसंबंधही टाळायचे असतात. तपासणीच्या खोलीत ते बहुधा कोणी उच्चारतच नाही, आणि नवरा तर बाहेर उभा असतो.

खरी अडचण पुढेच आहे. खापरखेड्यात १३४० मेगावॉटचे वीज केंद्र आहे, जवळ कोळसा खाणी आहेत, आजूबाजूला कापसाचे शिवार आहे. कायम नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांच्या मातृत्व रजेतले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला रजा कोण देणार? तिच्यासाठी ‘आराम करा’ म्हणजे ‘मजुरी बुडवा’. म्हणूनच काय उचलायचे नाही, कोणत्या आठवड्यापर्यंत आणि पुढची सोनोग्राफी कधी, हे कागदावर मराठीत लिहून द्यायला हवे. आशाताईंनी ते सासूला आणि नवऱ्यालाही वाचून दाखवावे. गुंड त्यांनाच उचलायचा आहे.

आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेले असेल तर प्रश्न अधिक गंभीर. वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता असते. अशा बाईचे बाळंतपण रक्त आणि शस्त्रक्रियेची तयारी असलेल्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे नागपूरच्या मेडिकलसारख्या ठिकाणी, आधीच ठरवून ठेवावे.

हा रक्तस्राव बहुधा वेदनेविना, लालभडक होतो. ‘दुखत नाही ना, मग सकाळी बघू’ असे घरात म्हटले जाते ते त्यामुळेच. नागपूर वीसेक किलोमीटर दूर आहे. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. रुग्णालयात पोहोचताच वार खाली असल्याचे सर्वांत आधी सांगावे, कारण हे ठाऊक नसताना केलेली आतली तपासणी रक्तस्राव वाढवू शकते.