जुळ्या बहिणीचे गुपित आणि गोळ्यांचे पाकीट

मनमाड जंक्शनवर गाडी बदलायला उतरलेल्या माणसापुढे वेळ घालवण्याचा प्रश्न असतो. मुंबई-भुसावळ मार्गावरून आलेल्याला दौंडकडे किंवा नांदेडकडे जायचे असेल, तर पुढची गाडी हाताशी असेलच असे नाही. मराठीतली खिशात मावणारी रहस्यकथा अशाच रिकाम्या तासांवर पोसली गेली. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांची पुस्तके किती बाकड्यांवर आणि किती वरच्या बर्थवर वाचली गेली असतील, त्याची मोजदाद नाही. आता पुस्तकाच्या जागी मोबाइल आला. पण प्रेम आणि रहस्य एकाच दोरीत वळलेली गोष्ट हातात असली की गाडीची घोषणा अजूनही ऐकू येत नाही.

या मिश्रणात असे काय असते? १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातील व्हँकुव्हरजवळ एक प्रयोग केला होता. (मनमाडला रेल्वेपुलांचे गर्डर बनवणारा कारखाना आहे; तेव्हा पुलाचा दाखला इथे परका वाटू नये.) खोल दरीवरचा, हेलकावे खाणारा झुलता पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना पुलावरच एक तरुणी भेटे, काही प्रश्न विचारी आणि आपला फोन नंबर देई. दुसऱ्या, कमी उंचीच्या भक्कम पुलावरही तेच केले गेले. झुलत्या पुलावरच्या पुरुषांपैकी अधिक जणांनी नंतर तिला फोन केला. भीतीने वाढलेली छातीची धडधड त्यांनी आकर्षणाच्या खात्यावर जमा केली, असा अर्थ संशोधकांनी लावला. प्रयोग लहान होता आणि त्यावर आक्षेपही आहेत. मुळात झुलत्या पुलावर जाणारा माणूसच वेगळ्या स्वभावाचा असू शकतो. तरी कादंबरीकारांना हे गणित संशोधकांच्या आधीपासून ठाऊक होते. नायिका अंधाऱ्या जिन्यावर असते तेव्हाच नायक तिचा हात धरतो.

गुपिताचेही तसेच आहे. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी तरुण-तरुणींना पत्ते खेळायला बसवले. काही जोड्यांना टेबलाखाली पायाला पाय लावून ठेवायला सांगितले. ज्यांनी हे समोरच्या जोडीपासून लपवून केले, त्यांना एकमेकांविषयी अधिक ओढ वाटल्याचे आढळले. चोरून भेटणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

मराठीत या प्रकारचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’. तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात भूमिका होत्या. दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्याचा हिंदी अवतार आणला, ‘मेरा साया’. त्यातल्या वकिलाची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावलेली असते. मग हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री दरोडेखोरांच्या टोळीत पकडली जाते आणि ‘मीच तुमची बायको’ असे भर कोर्टात सांगते. उलगडा असा, की बायकोला एक जुळी बहीण होती, आणि हे तिने नवऱ्याला कधीच सांगितलेले नव्हते.

साठ वर्षांनी रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि जोनाथन लेव्हिट यांनी २०११ मध्ये वाचकांना कथांचा शेवट आधीच सांगून पाहिला, तर वाचकांना कथा उलट अधिक आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत वेगळे निष्कर्षही आले, हे खरे. पण ‘पाठलाग’ पुन्हा पाहणारे लोक आहेतच.

शेवट ठाऊक असताना ही गोष्ट पाहिली की तिच्यातली खरी वेदना दिसते. ही बाई कोर्टात नवरा-बायकोतल्या खासगीतल्या खासगी खुणा सांगते. एवढी जवळीक असलेल्या संसारात एक सख्खी बहीण लपून राहिलेली असते. का? माहेरच्या बदनामीची लाज आणि समजल्यावर प्रेम उरेल का ही भीती. कादंबरीत या भीतीचे रूपांतर शेवटच्या प्रकरणात मिठीत होते. घरात तसे होतेच असे नाही, कारण घरातले गुपित सांभाळायला लेखक नसतो. ते रोज एकाच माणसाला सांभाळावे लागते.

त्या सांभाळण्याची किंमत कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मोजायचा प्रयत्न केला. तेरा हजारांहून अधिक गुपितांची त्यांनी नोंद घेतली. माणूस सरासरी तेरा गुपिते बाळगतो आणि त्यांतली पाच कोणालाच सांगितलेली नसतात, असे त्यांना दिसले. समज असा असतो की समोरच्यापासून गोष्ट दडवताना ताण येतो. प्रत्यक्षात लोक दडवण्याचा प्रसंग नसताना, एकटे असताना, त्या गुपिताकडे कितीतरी अधिक वेळा वळत होते. आणि मन जितके वारंवार वळे तितके त्यांचे स्वास्थ्य कमी भरत होते. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. पण भाजी चिरताना, रात्री दिवा मालवल्यावर तोच विचार येत राहणे म्हणजे काय, हे बाळगणाऱ्याला सांगावे लागत नाही.

लग्नाच्या बाजारात सर्वाधिक लपवली जाणारी गोष्ट जुळी बहीण नसते, आजार असतो. त्यातही अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आणि तो मुलीला असेल तर अधिकच. ‘लग्न झाल्यावर आपोआप बरे होईल’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी अजून प्रत्येक तालुक्यात आहेत. होत नाही. योग्य औषध नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नियमित या शब्दावर सारे अवलंबून आहे, आणि लपवाछपवीत पहिला बळी त्याच शब्दाचा जातो. सासरी गोळ्यांचे पाकीट दिसले तर विचारतील, म्हणून ते माहेरी राहते. ही औषधे मेंदूतील पेशींची अतिरिक्त विद्युत हालचाल दाबून ठेवतात. ती एकाएकी थांबली तर फिट परत येऊ शकते, कधी एकामागून एक अशा थांबतच नाहीत आणि जिवावर बेतते.

त्यात लग्नाचा आठवडा म्हणजे फिटला आमंत्रणच. हळद, वरात, जागरण-गोंधळ, उपास, दगदग. झोप मोडणे हे फिट येण्याचे ठळक कारण आहे, औषधाचा डोस चुकणे हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी, अशा घरात, जिथे कोणालाच काही माहीत नाही. मग फिट आली की कोणी कांदा नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा घालतो, कोणी ‘अंगात आले’ म्हणून भगताकडे नेतो. खरे तर करायचे असते ते थोडेच. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करणे, माणसाला कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे आणि घड्याळ पाहणे; पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक रुग्णालय. पण ज्याच्यापासून आजार लपवला त्याला हे शिकवणार कोण?

पुढे मूल हवे असते तेव्हा गुपित आणखी महाग पडते. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते. म्हणून दिवस राहण्याच्या आधीच औषध बदलायचे की काय, फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांशी बसून ठरवावे लागते. काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. मनमाडहून सकाळच्या पंचवटीने नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन येणे अवघड नाही. अवघड असते ते घरातून कुठे चालले हे सांगणे. आणि भीतीने औषध स्वतःच बंद केले, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. ‘मुलालाही होईल’ ही भीतीही बहुतेक वेळा अवाजवी असते. अपस्मार असलेल्या आई-वडिलांच्या बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

मुलींनी आधी सांगावे, एवढा उपदेश करून मोकळे होणे सोपे आहे. सांगितल्यावर स्थळ मोडते, हे त्या घरांनी पाहिलेले असते. म्हणून चेंडू आधी विचारणाऱ्यांच्या अंगणात टाकायला हवा. पत्रिकेतला मंगळ तपासायला दोन बैठका होतात. दोन्ही बाजूंनी एकदा डॉक्टरांसमोर बसावे, असे कोणी सुचवले की ‘मुलीत काही आहे का?’ अशी कुजबुज सुरू होते. मुलाची साखर, मुलाची दारू, मुलाच्या फिट, यांची चौकशी कोणाच्या यादीत नसते. कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला. हिंदू विवाह कायद्यातील वैध विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. फिट येतात म्हणून लग्न आता अवैध ठरत नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवल्याचा दावा कोर्टात उभा राहू शकतो. म्हणजे आजारापेक्षा तो दडवणेच संसाराला अधिक धोक्याचे.

सांगायचे कोणाला आणि कधी, हा प्रश्न उरतोच. पहिल्या चहापोह्यांतच सगळ्या नातलगांसमोर सांगायची गरज नाही. बोलणी पुढे गेली, मनाने होकार दिला, की ज्याच्याशी संसार करायचा त्याला, शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत, कागदपत्रे समोर ठेवून सांगावे. शेवटची फिट कधी आली, औषध कोणते, किती वर्षे, गाडी चालवता येते का, मूल होऊ देता येईल का, या प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतात तेव्हा ‘मिरगी’ या शब्दाभोवतीची निम्मी भुते तिथेच उतरतात. आणि ज्यांचे लग्न आधीच झाले आहे, पाकीट अजून माहेरच्या कपाटात आहे, त्यांनी नवऱ्याला आज सांगणे जमले नाही तरी गोळी मात्र आज रात्रीची चुकवू नये.